थेंब कोठून पडतो?

जुने घर पावसाळ्यात गळते आणि जुनी जीप बाराही महिने गळते. घर गळू लागले की माणूस छपरावर चढून कौले चाळतो. जीप गळू लागली की मात्र तिच्याखाली एक जुनी परात सरकवतो आणि स्वस्थ बसतो. फार तर कोणी विचारले तर सांगतो, "जीप आहे, गळायचीच!" आमच्याकडच्या गॅरेजांतून तर एक विनोदच रूढ आहे. जीप गळते तोवर काळजी नको. गळायची थांबली की समजावे, आतले तेल संपले!

विनोद म्हणून हे ठीक आहे. परंतु परातीत पडणारा प्रत्येक थेंब कोणत्या तरी दात्याच्या किंवा बेअरिंगच्या वाट्याचा असतो. शिवाय प्रत्येक थेंब परातीतच पडेल असेही नाही. काही थेंब नको त्या जागी पडतात. गेल्या वर्षी आमच्या घरात जी धावपळ झाली ती अशाच काही थेंबांमुळे. तिच्यातून जे शिकावयास मिळाले ते जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणत्याही कुटुंबाच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला. घरापासून डांबरी सडकेपर्यंत दोनएक किलोमीटरचा चढ-उतार आहे आणि पावसाळ्यात तेथे तांबड्या मातीचा नुसता राडा होतो. तेथे थोरले बंधू आणि वहिनी राहतात. दादांनी पंच्याहत्तरी ओलांडली, वहिनींचे गुडघे दुखतात. दवाखाना असो, बाजार असो की शेजारची कोणी अडलेली बाळंतीण असो, त्या वाटेवर कामी येते ती दादांची १९७२ सालची जीप. हल्ली ती पुतण्या चालवतो.

गेल्या श्रावणात वहिनींना दवाखान्यातून परत आणताना त्याने फाटक उघडण्यासाठी जीप चढावर उभी केली, हातब्रेक ओढला आणि तो खाली उतरला. जीप हळूहळू मागे सरकू लागली. पोराचे डोके ठिकाणावर होते. त्याने बांधावरचा धोंडा उचलून चाकामागे टाकला आणि जीप थांबली. वहिनी आतच बसलेल्या होत्या. मागे ओढा होता.

त्या रात्री दादांचा मला सांगलीला फोन आला. "आता पुरे. भंगारवाल्याला देऊन टाकू. एवीतेवी नोंदणीचं नूतनीकरण या दिवाळीच्या सुमारास आहेच. तपासणीत ही काय पास व्हायची?"

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती नवी करून घ्यावी लागते. प्रश्न सरळ होता. जीप विकायची, की तिची गळती शोधायची? मी तांत्रिक विद्यालयातून निवृत्त झालेला मास्तर. मी म्हटले, "दादा, दोन महिने द्या. जमलं नाही तर तुम्ही म्हणाल तसं." आणि हातब्रेकचा भरवसा नसलेली गाडी घाटातून चालवत आणण्याऐवजी ती ट्रकवर चढवून सांगलीला आणली.

लढाईतून शेतात

जीपचा जन्म लढाईतला. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने पहिला नमुना केला, आणि विलीज व फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धसमाप्तीपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ साली मुंबईत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. तिच्यातले मोहम्मद, म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी करण्याचे काम १९४७ पासून मुंबईत सुरू झाले होते. १९५३ साली विलीजने उंच बॉनेटची 'सीजे-३बी' काढली. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे पुढेही कित्येक वर्षे बनत राहिली. दादांची जीप त्याच घाटाची.

ही जात सातारा-सांगलीत रुजली याचे नवल नाही. कोयनेचे धरण, साखर कारखाने, ऊसतोड, द्राक्षमळे, जंगलखाते, जेथे रस्ता संपतो तेथून पुढे जाण्यासाठी जीपच हवी. हे दोन जिल्हे मूळचे एकच. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे भाग पडले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. पन्नास वर्षांच्या गाडीचे तेल गळले तर त्यात बनवणाऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. त्या काळी सांधे बुचाच्या, कागदाच्या, नमद्याच्या आणि दोरीच्या पॅकिंगने बुजवत. या वस्तू वाळतात, आकसतात, कुजतात. रबराचे सील असले तरी तेही कडक होते. दोष वयाचा असतो, आणि त्याहून अधिक हयगयीचा.

थेंबाची जात ओळखा

सांगलीत मला एक जुने मिस्त्री भेटले. वय सत्तरीचे, चाळीस-पन्नास वर्षे जीपखाली पाठ टेकलेली. त्यांनी गाडीखाली डोकावून पाहिले आणि पाना हातात न घेता म्हणाले, "मास्तर, आधी थेंबाची जात बघू. मग घर शोधू."

गाडीतून गळणारे पदार्थ पाचसहा प्रकारचे असतात. पांढऱ्या पुठ्ठ्यावर थेंब घ्यावा, बोटांत चोळावा आणि हुंगावा. तपकिरी किंवा काळे, पातळसर आणि जळका वास असलेले असेल तर ते इंजिनाचे ऑइल. दाट, चिकट आणि सडलेल्या कांद्यासारखा गंधकाचा दर्प मारणारे असेल तर ते गिअर ऑइल. दात्यांवरचा प्रचंड दाब सोसावा म्हणून त्यात गंधकयुक्त द्रव्ये घातलेली असतात, त्यांचा हा वास. पाण्यासारखे पातळ, फिकट पिवळे आणि बोटांना बुळबुळीत लागणारे ते ब्रेकचे तेल. ते रंगावर पडले तर रंग उचलून काढते. हिरवट, गुळचट वासाचे ते रेडिएटरचे पाणी. पेट्रोल तर लपून राहतच नाही.

या पाचांत ब्रेकचे तेल आणि पेट्रोल यांना क्षमा नाही. आमच्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना पायाखालचा एकच मास्टर सिलिंडर दाब पुरवतो. कोठेही एका ठिकाणी गळती वाढली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून या दोहोंपैकी कशाचाही थेंब दिसला तर गाडी जागची हलवू नये. बाकीच्या गळत्या क्रमाने पाहता येतात.

आमच्या पुठ्ठ्यावर इंजिनाचे ऑइल होते आणि गिअर ऑइलही होते. ब्रेकचे तेल नव्हते. मिस्त्रींनी मान हलवली. "बरं आहे. जीव वाचला."

इंजिनाच्या गळतीची आपण फार धास्ती घेतो, कारण ती दिसते. पण जरा हिशेब करा. मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाचे १,४४० थेंब होतात. वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर आठवड्याला चारशे ते पाचशे मिलिलिटर जातात. इंजिनात पावणेचार लिटरच्या आसपास तेल असते, ते मोजायला दांडी असते, दाब दाखवणारा काटा असतो. गिअरबॉक्समध्ये मात्र सव्वा लिटरच्या आसपासच तेल असते, मागच्या डिफरन्शियलमध्येही तेवढेच, आणि त्यांना ना दांडी ना काटा. कोणी गाडीखाली शिरून बाजूचा प्लग उघडून बोट घातले तरच कळणार! तेथे तेच आठवड्याला पाचशे मिलिलिटर गेले तर तिसऱ्या आठवड्यात दाते कोरडे फिरतील.

धुवा, वाळवा, पावडर लावा

आता थेंबाचे घर शोधावयाचे. आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. थेंब जेथे पडतो तेथे तो गळत नाही. तेल उतारावरून खाली येते, आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. वर टॅपेट कव्हरपाशी सुटलेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत, चेंबरच्या कडेने पुढे-मागे हिंडत, शेवटी कोठल्या तरी बोल्टच्या टोकावरून टपकते. आपण त्या बोल्टला दोष देतो.

दादांच्या जीपचे हेच झाले होते. पूर्वी एका गॅरेजात "चेंबर गळतोय" म्हणून चेंबरचे बोल्ट जोर लावून पिळले होते. त्याने बुचाचे पॅकिंग चिरडून बाहेर आले, पत्र्याच्या कडेला बोल्टागणिक खळगे पडले, आणि नसलेली गळती खरोखरच सुरू झाली. वर आणखी जाड तेल ओतून ठेवले होते.

मिस्त्री म्हणाले, "मास्तर, गळतंय कुठनं ते बघू नका. भिजलंय कुठवर ते बघा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला डाग, तिथंच चोर."

पण पन्नास वर्षांच्या चिखल-तेलाच्या खरपुडीतून ओला डाग दिसणार कसा? म्हणून पहिले काम धुण्याचे. आम्ही दोन दिवस जीप धूत होतो. खरवडणीने थर काढले, रॉकेलच्या ब्रशाने घासले, साबणाच्या पाण्याने धुतले आणि उन्हात वाळवले. निघालेली घाण मातीत जाऊ नये म्हणून खाली जुने फ्लेक्सचे कापड अंथरले होते. आमच्या सौभाग्यवती गच्चीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "घरातली भांडी इतकी घासली असतीत तर!"

दुसरे काम पावडर लावण्याचे. लहान मुलांना लावतात ती साधी टाल्कम पावडर. संशयित सांध्यांवर, कव्हरांच्या कडांवर, सीलांच्या भोवती ती हलक्या हाताने भुरभुरावी, गाडी दहा किलोमीटर फिरवावी आणि लगेच खाली शिरून पाहावे. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ स्पष्ट उमटते. आता तेलात मिसळावयाचा रंगही मिळतो. जांभळ्या किरणांच्या बॅटरीखाली तो चमकतो आणि गळतीची जागा दाखवतो. परंतु घरच्या घरी पावडरीने काम भागते.

तिसरे काम रात्रीचे. गाडी सपाट जागी उभी करून खाली मोठा पुठ्ठा अंथरावा, त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलने आखाव्यात आणि सकाळी डाग मोजावेत. दर दोन-तीन दिवसांनी नवा पुठ्ठा. जुने पुठ्ठे तारीख घालून जपून ठेवावेत. कोणता डाग घटला, कोणता तसाच राहिला, हे त्यावरून कळते. आमच्या पहिल्या पुठ्ठ्यावर सात डाग होते.

आधी श्वास मोकळा करा

नवी सीले आणावयास मी बाजारात निघालो होतो. मिस्त्रींनी थांबवले. "सील बदलण्याआधी हिला श्वास घेता येतो का बघा."

ही गोष्ट फार मोलाची आहे आणि पुष्कळांना ठाऊक नसते. डिफरन्शियलच्या घरात तेलाबरोबर हवा असते. गाडी धावली की ती तापते. पंचवीस अंशांची कोंडलेली हवा सत्तर अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. ही हवा निघून जावी म्हणून आसाच्या नळीवर एक बारीकशी श्वासनळी बसवलेली असते. ती बुजली तर हवा दुसरी वाट शोधते. ती वाट म्हणजे सीलचा ओठ. हवा जाताना तेलाला बरोबर घेऊन जाते. असल्या गाडीला कितीही नवी सीले बसवा, महिन्याभरात ती गळणारच.

आमच्या जीपची मागची श्वासनळी पार बुजली होती. वर तांबडी माती आणि आत कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर! बारीक तारेने आणि हवेच्या फवाऱ्याने ती मोकळी केली. इंजिनालाही असाच श्वास असतो. पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारा वायू एका लहानशा व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात ओढून घेतला जातो. तो व्हॉल्व्ह काजळीने चिकटला होता. पेट्रोलात बुडवून, हलवून तो खुळखुळता केला.

आठवड्याने पुठ्ठा पाहिला. एकही सील न बदलता सातांचे पाच डाग झाले होते.

श्वासनळी बुजण्याचा धोका उलट बाजूनेही असतो, आणि तो सांगलीकरांनी चांगला अनुभवला आहे. तापलेली गाडी एकदम पाण्यात उतरली तर आतली हवा आकसते आणि जेथून मिळेल तेथून पाणी आत ओढले जाते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर गावात शिरला तेव्हा कित्येक गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. मिस्त्री सांगत होते की पूर ओसरल्यावर त्यांनी ज्या गाड्यांचे प्लग उघडले, त्यांतून दूध घातलेल्या चहासारखे तेल बाहेर आले. असे पांढुरके तेल दिसले की ते तत्काळ काढून, नवे घालून, थोडे चालवून पुन्हा बदलावे. नाहीतर आतल्या बेअरिंगांना गंज चढतो.

हातब्रेकचा गुन्हेगार

आता मूळ दुखण्याकडे वळू. जीप चढावरून मागे का सरकली?

आपल्या नेहमीच्या मोटारीत हातब्रेक मागच्या चाकांना असतो. या जुन्या जीपमध्ये तो चाकांना नसतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी ती पेटी. तिच्या मागच्या टोकाला, जेथून दांडा मागच्या चाकांकडे जातो, एक लहानसा ड्रम असतो. हातब्रेक ओढला की तो ड्रम आवळला जातो. आणि त्या ड्रमच्या अगदी शेजारी, आतल्या अंगाला, ट्रान्सफर केसचे ऑइल सील असते. सील गेले की गिअर ऑइल सरळ ड्रममध्ये! ड्रम उघडला तेव्हा लायनर तेलात भिजून काळे कुळकुळीत झाले होते. असा ब्रेक कितीही ओढा, धरणार कशाला?

सील बदलणे तसे सोपे. जुने काढावे, नवे तेल लावून, ओठ तेलाच्या बाजूला ठेवून, लाकडी ठोकळ्याने सरळ ठोकून बसवावे. परंतु मिस्त्रींनी सील ज्यावर फिरते त्या दांड्याच्या टोकावर नख फिरवून दाखवले. नख अडकले. जुन्या कडक सीलने आणि त्यात रुतलेल्या मातीने पोलादात गोल चर पाडला होता. अशा चरावर नवे सील बसवले तर पंधरा दिवस बरे राहते आणि पुन्हा गळते. मग लोक सीलला शिव्या देतात. उपाय दोन. एक तर सील किंचित पुढे-मागे बसवून त्याचा ओठ कोऱ्या जागी आणावा, नाहीतर चरावर पोलादाचे पातळ वेष्टण चढवावे. आम्ही दुसरा मार्ग धरला. कुपवाडच्या एका लेथवाल्याने तो तुकडा असा गुळगुळीत करून दिला की नख घसरू लागले. दांड्याच्या खाचांतूनही तेल झिरपते, म्हणून शेवटच्या नटाच्या वॉशरखाली पॅकिंगचा लेप दिला.

तशीच गत डाव्या मागच्या चाकाची. रिमच्या आतल्या अंगाला आऱ्यांसारख्या तेलाच्या रेघा होत्या आणि वास गंधकाचा होता. म्हणजे आसाचे सील गेले होते आणि तेल पायब्रेकच्या लायनरवर चालले होते. या जीपचा मागचा हब हिसक्याने निघत नाही, त्याला दणकट पुलर लागतो. हातोडीने बडवून काढू पाहणारे आस वाकवून ठेवतात. नवे सील बसवले आणि लायनर बदलले. काहीजण भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरतात. ते करू नये. मुरलेले तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येते. आणि लायनर एका चाकाचे न बदलता दोन्ही बाजूंचे बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

एक सूक्ष्म गोष्ट आणखी. या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस पाठीला पाठ लावून असतात आणि तेल एकातून दुसऱ्यात झिरपू शकते. एकाचा प्लग उघडून "भरलेले आहे" म्हणून समाधान मानू नये, दोन्ही पाहावेत. गिअरबॉक्सात पितळी जातीच्या धातूच्या कड्या असतात, आणि डिफरन्शियलसाठीचे जहाल तेल त्यांना बाधू शकते. म्हणून तेल घेताना डब्यावर गिअरबॉक्सला चालणारी जात आहे ना, तेही वाचावे.

हातोडीने कापलेले पॅकिंग

इंजिनाच्या गळत्या मात्र गरीब निघाल्या. या 'हरिकेन' इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे कव्हरेही दोन, एक डोक्यावर आणि एक कुशीत. कुशीतले कव्हर एक्झॉस्टच्या नळकांड्याआड दडलेले असल्याने कोणी पाहत नाही. आमच्या पावडरीवर पहिली ओली रेघ तेथेच उमटली. वर्षानुवर्षे चेंबरवर आळ घेतला जात होता तो याच्यामुळे!

तयार पॅकिंग मिळेना. मिस्त्रींनी बुचाचा पत्रा मागवला, कव्हरवर ठेवला आणि गोल तोंडाच्या लहान हातोडीने कडेकडेने टकटक करीत गेले. धातूच्या धारेवर बूच आपोआप कापत गेले. पाच मिनिटांत भोकांसकट नेमके पॅकिंग तयार! मी विद्यालयात मुलांना कात्री आणि कंपास घेऊन जे शिकवीत असे, ते येथे एका हातोडीत झाले होते.

"हे कुठं शिकलात?" मी विचारले.

"वडिलांकडनं. ते विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे."

आपल्या या भागातल्या हातांना ही विद्या कोठून आली याचे उत्तर त्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारा रोडला कारखाना काढला; हेच गृहस्थ १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. नांगरापासून सुरुवात होऊन पंप आणि तेलाची इंजिने आली, विहिरीविहिरीवर ती धडधडू लागली, आणि ती बिघडली की गावातच दुरुस्त करणारे हात तयार झाले. कारखान्यातला कामगार घरी जाताना ही विद्या बरोबर घेऊन गेला.

चेंबरच्या कडा लाकडी ठोकळ्यावर उलट्या ठेवून, हलक्या हातोडीने खळगे सपाट केले. नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, सारख्या जोराने आवळले. पॅकिंगला चिमटीत धरावयाचे असते, चिरडावयाचे नसते. जाड तेल काढून नेमस्त जातीचे तेल भरले.

एक थेंब राहू दिला

सातांपैकी सहा डाग गेले. सातवा अजून आहे. तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घराच्या तळच्या भोकातून पडतो, रात्रीतून दोन-तीन थेंब. तो क्रँकच्या मागच्या सीलचा. तो बदलावयाचा तर मोठे उघडकाम. मिस्त्रींनी सरळ सांगितले, "क्लचच्या कामाला उघडेल तेव्हा करू. आत्ता खोललं तर पैशापरी पैसा आणि चांगलं बसलेलं हलवायचं." मला हा सल्ला पटला. ते तेल कोणत्याही ब्रेकच्या वाटेवर नाही, आणि इंजिनाला दांडी आहे. कोणती गळती आज थांबवलीच पाहिजे आणि कोणती नजरेखाली ठेवून चालेल, हा विवेक दुरुस्तीपेक्षाही अवघड असतो. मात्र क्लच घसरू लागला तर त्या दिवशी हा निर्णय बदलेल, हे आम्ही दोघांनी ठरवून ठेवले आहे.

खर्चाचे म्हणाल तर सीले, पॅकिंग आणि बुचाचा पत्रा यांचे पैसे किरकोळ. लायनर, लेथकाम आणि मजुरी मिळून जे लागले ते जीप भंगारात देऊन आले असते त्याहून कमीच. वेळ मात्र लागला, सात आठवडे. त्यातला निम्मा धुण्यात आणि पुठ्ठे पाहण्यात गेला. दिवाळीच्या आधी तपासणी झाली, हातब्रेक धरला, आणि पुढल्या पाच वर्षांचा कागद मिळाला.

काढलेल्या जुन्या तेलाचे काय केले, हे सांगून संपवतो. खेड्यात जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून खांबांना लावतात, कुंपणाच्या मुळाशी ओततात, कोणी सरळ ओढ्यात सोडतात. बैलगाडीच्या आसाचे वंगण असे तोवर ते चालून गेले. इंजिनाच्या जुन्या तेलात धातूचा कीस आणि जळणातली विषारी द्रव्ये उतरलेली असतात. कायद्याने त्याची गणना घातक कचऱ्यात होते. जावळीतला ओढा पुढे कोणाच्या तरी विहिरीला मिळतो. आम्ही सारे तेल दोन कॅनमध्ये भरून, जुने तेल शुद्धीकरणासाठी रीतसर गोळा करणाऱ्याच्या हवाली केले.

पुतण्याने आता जीपच्या डॅशबोर्डाच्या खणात एक वही ठेवली आहे. दर शनिवारी दांडीचे माप, महिन्यातून एकदा तिन्ही प्लग, दर पावसाळ्याआधी श्वासनळ्या. पहिल्या पानावर दादांनी स्वतःच्या अक्षरात गावातल्या ज्यांना रात्री-अपरात्री गाडी लागू शकते अशा घरांची यादी लिहिली आहे. सध्या तिच्यात अकरा घरे आहेत.